एमबीकाका

पाठ कसा झाला असं विचारलं, की एमबीकाका आकडा सांगायचे. ‘एकशे चाळीस’ म्हणाले तर समजायचं, बाई फळ्याशी बोलत होत्या आणि पोरं हाताची घडी घालून बसली होती. ‘दोनशे नव्वद’ म्हणाले आणि चष्मा कपाळावर सरकवला, तर वर्गात काहीतरी घडलंय. काय घडलंय ते काकांना ठाऊक नसायचं. त्यांनी पाठ पाहिलेला नसायचा, ऐकलेला नसायचा. त्यांनी तो फक्त आटवलेला असायचा.

२०१७ नंतरची चार-पाच वर्षं एडिसनच्या आसपास ज्या मराठी बायकांनी न्यू जर्सीचं शिक्षिकेचं सर्टिफिकेट मिळवायचं मनावर घेतलं, त्यांतल्या बऱ्याच जणी कधी ना कधी काकांच्या जेवणाच्या टेबलाशी येऊन बसल्या. कुणी नवऱ्याच्या व्हिसावर येऊन दहा वर्षं घर सांभाळलेली, कुणी भारतातून बी.एड. करून आलेली, कुणी इथंच वाढलेली आणि काकांना ‘अंकल’ म्हणणारी. सगळ्यांच्या हातात फोन, फोनमध्ये वर्ग आणि तोंडात एकच प्रश्न : हे एवढं मोठं आत जाणार कसं?

काकांचं खरं नाव काकूंना आणि इमिग्रेशन खात्याला माहीत असेल. बाकी सगळ्या गावाला ते एमबीकाका.

ही भानगड काय होती ते आधी सांगते. एडटीपीए नावाची परीक्षा. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मंडळींनी रचलेली, पिअर्सन कंपनीने चालवलेली, फी ३०० डॉलर. शाळेत स्टुडंट टीचिंग चालू असतानाच ती द्यायची. हॉलमध्ये बसून पेपर लिहायचा नाही. आपण पाठ कसा आखला, कसा घेतला आणि मुलांना कितपत समजलं हे कसं तपासलं, अशा तीन भागांचं बाड तयार करायचं. बहुतेक विषयांत ते १५ निकषांवर तपासलं जायचं, एकेका निकषाला जास्तीत जास्त ५. मधल्या भागासाठी वर्गाचा व्हिडिओ लागायचा. अख्खा तास नव्हे, विषयाप्रमाणे पंधरा-वीस मिनिटांत बसतील असे एक-दोन तुकडे. मागचं-पुढचं छाटा, पण आतलं सलग राहिलं पाहिजे. मधे कात्री लावली की संपलं. आणि फाइल ५०० एमबीच्या वर गेली, तर ती दारातूनच परत.

आता फोनचं बघा. आयफोनवर कुणी हौसेने ‘फोर-के, साठ फ्रेम’ ठेवून दिलं असेल, तर मिनिटाला ४०० एमबी होतात. चाळीस मिनिटांचा तास म्हणजे सोळा जीबी. साधं १०८० ठेवलं असतं तर मिनिटाला साठात भागलं असतं. पण हे सांगणारा माणूस नेहमी तास संपल्यावर भेटतो.

काका भेटल्या भेटल्या गणित मांडायचे. ‘पाचशे एमबी, वीस मिनिटं. आठाने गुण, बाराशेने भाग. सेकंदाला तीन पूर्णांक तेहतीस मेगाबिट.’ आणि समोरच्या रडवेल्या तोंडाकडे बघून, ‘अगं, एवढ्यात दिवाळी होते!’

काका मूळचे मिरजेचे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी वायटूकेच्या लाटेत जे मेनफ्रेम कॉम्प्युटरवाले न्यू जर्सीत उतरले, त्यांतले एक. जुन्या काळी साठवणीची जागा महाग म्हणून वर्ष लिहिताना सुरुवातीचे दोन आकडे गाळायची रीत होती. ‘७४’, ‘८९’ एवढंच लिहायचं. २००० साल तोंडावर आलं तेव्हा यंत्राला ‘००’ म्हणजे १९०० वाटेल या धास्तीने सगळ्यांची धांदल उडाली आणि गाळलेले आकडे परत घालायला हजारो माणसं लागली. काका ते आकडे घालायला आले. मनाने मात्र ते पहिल्यापासून, ज्यांनी गाळले त्यांच्या बाजूचे. ‘लाखो रेकॉर्डं,’ ते अजून हळहळतात, ‘प्रत्येकात एकोणीस, एकोणीस, एकोणीस. एकच गोष्ट किती वेळा लिहायची?’

हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर सगळ्यांना विचारला. भारतातून नातेवाइकांच्या ‘शुभ सकाळ’ येतात, गुलाबाच्या फुलासकट, दोन-दोन एमबीच्या. काका ते फूल उतरवून घेतात, चाळीस केबीत बसवतात आणि त्याच ग्रुपवर परत पाठवतात. खाली ओळ : ‘फूल तेवढंच आहे.’ एका आतेभावाने यावरून ग्रुप सोडला. काकांनी त्यालाही बचतीतच धरलं.

एडटीपीएची गोष्ट त्यांच्या कानावर आली ती ‘कंडिशन कोड’ या शब्दांनी. कागद अपुरे असले, व्हिडिओ उघडला नाही, आवाज समजण्यासारखा नसला, तर गुणांच्या जागी कंडिशन कोड पडायचा, म्हणजे तेवढ्या भागाचं मूल्यमापनच नाही. भिशीत कुणीतरी काकूंना हे रडत सांगत होतं आणि काका आतल्या खोलीतून उठून आले. मेनफ्रेमवर जॉब संपला की कंडिशन कोड येतो. चार शून्यं आली की माणूस सुखाने घरी जातो. निवृत्तीनंतर काकांनी तो शब्द कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. ‘कुणाला आलाय?’ त्यांनी विचारलं. आवाजात अशी माया होती, की त्या बाईने तिथल्या तिथे फोन त्यांच्या हातात दिला.

काकांनी मदत करायची म्हटलं म्हणजे नियम आधी. परीक्षेच्या सूचना त्यांनी सगळ्या छापून काढल्या, पाठपोट, आणि परीक्षा देणाऱ्यांपैकी कुणीही वाचल्या नसतील इतक्या नीट वाचल्या. त्यात मदत करणाऱ्याने काय करावं, काय करू नये याचाही भाग होता. व्हिडिओच्या तांत्रिक अडचणीत मदत चालेल. कुठला तुकडा पाठवावा हे मात्र सांगायचं नाही. काकांनी त्या ओळीखाली लाल रेघ मारली. मग त्यांनी पुढचा विचार केला. तुकडा पाहिला, तर चेहऱ्यावर काहीतरी उमटणार. उमटलं, की सांगितल्यासारखंच झालं. शिवाय मुलं दुसऱ्यांची, त्यांच्या आईबापांनी चित्रीकरणाच्या परवानगीवर सह्या केल्या त्या परीक्षेसाठी, काकांसाठी नव्हे. म्हणून पाहायचंच नाही. स्पीकरची वायर काढून ठेवायची आणि पडद्यावर जिथं चित्र दिसतं तिथं पिवळी चिकटचिठ्ठी लावायची.

तर देखावा असा. टेबलावर जुना, पंखा घरघरणारा कॉम्प्युटर. शेजारी पोह्यांची बशी. आलेल्या बाईने कागदावर वेळ लिहून आणायची : ‘१२:४० ते २२:४०’. चिठ्ठीआड वर्ग चाललेला, काकांची नजर फक्त आकड्यांवर. हँडब्रेक नावाचं, व्हिडिओ आटवून लहान करणारं फुकटचं सॉफ्टवेअर, त्याच्या खुणेला अननस. काकू त्या सगळ्या कारभाराला ‘अननस’च म्हणतात. ‘यांनी अननस लावलाय, बस तू निवांत. अर्धा तास तरी जाणार.’

छाटणीला सुरुवात कपाळापासून. माणूस फोन तिपाईवर लावून बटण दाबतो तेव्हा कॅमेऱ्यासमोर पहिलं काय येतं, तर स्वतःचं कपाळ. जगातल्या बहुतेक पाठांचा आरंभ असा भल्या मोठ्या कपाळाने होतो आणि शेवट दोन बोटांनी. ते छाटायला परवानगी होती. पण घाईघाईने, पुन्हा न आटवता नुसतं तोडायला गेलं, की तुकडा सांगितल्यापेक्षा दोन-तीन सेकंद आधीच सुरू व्हायचा आणि कपाळ परत हजर. ‘ते कीफ्रेमवरच तुटतं,’ काका सांगायचे. पूर्ण चित्र अधूनमधूनच साठवलेलं असतं, मधल्या चित्रांत नुसते बदल; म्हणून तोडायचं तर पूर्ण चित्रापाशीच तुटणार. नेमक्या सेकंदाला हवं असेल, तर सगळं नव्याने आटवायचं. बायका मान डोलवायच्या. त्यांना कपाळ जाण्याशी मतलब.

बदल साठवण्याचा हा मुद्दा समजावताना काका काकूंना वापरायचे. ‘ही भिंत बघ. सेकंदाला तीस वेळा भिंत लिहायची का? नाही. एकदा लिहिली, झालं. आता काकू आली बघ चहा घेऊन. तेवढाच भाग बदलला, तेवढाच नवीन लिहायचा. म्हणजे भिंत स्वस्त, फिरणारी काकू महाग.’

‘मी भिंतीसारखी बसले तर चहा कोण आणेल?’ काकू म्हणायच्या. याचं उत्तर काकांच्या गणितात नव्हतं.

पण याच गणितातून काकांचा सिद्धान्त निघाला. ते आकार ठरवून आटवत नसत, दर्जा ठरवून आटवत. दर्जा कायम ठेवायचा आणि फाइल जेवढी होईल तेवढी होऊ द्यायची. अशा वेळी दहा-दहा मिनिटांचे दोन तुकडे घेतले तरी आकार सारखे येत नाहीत. ज्यात हालचाल जास्त तो जड. आता तिपाई हलत नाही, फळा हलत नाही. मग हलतं काय? मुलं. हात वर होतात, माना वळतात, कुणी उठून कागद आणतं. म्हणजे वजनदार फाइल तो जिवंत वर्ग, हलकी फाइल तो मेलेला. काकांनी वही घातली. नाव नाही, शाळा नाही. तारीख, मिनिटं, एमबी, आणि शेवटच्या रकान्यात भागाकार.

नागपूरकडची एक होती. तिकडे बी.एड. झालेली, त्यामुळे सूक्ष्म अध्यापन केलेलं : प्रस्तावना कौशल्य, प्रश्न कौशल्य, फलकलेखन कौशल्य, सहा-सहा मिनिटांचे पाठ आणि विद्यार्थी म्हणून बसलेल्या वर्गमैत्रिणी. ही सूक्ष्म अध्यापनाची कल्पनासुद्धा १९६०च्या दशकात स्टॅनफर्डमधूनच निघालेली. तिथून आपल्या बी.एड. कॉलेजांत आली आणि पाठ टाचणाच्या वहीत पक्की बसली. एकाच विद्यापीठाने या बाईला दोन खंडांत दोनदा छळलं म्हणायचं. तिने चौथीच्या वर्गावर अपूर्णांक घेतले होते आणि दोन तुकडे आणले होते. पहिल्यात तिने अपूर्णांक असा समजावला होता की ऐकत राहावं, अक्षर मोत्यासारखं, एक चूक नाही. दुसऱ्यात एक मुलगा हटून बसला होता की एक-अष्टमांश एक-चतुर्थांशापेक्षा मोठा, कारण आठ चारापेक्षा मोठे. त्याला पटेना, अर्धा वर्ग त्याच्या बाजूला गेला, शेवटी सगळ्यांनी कागदाच्या पट्ट्या घेतल्या आणि घड्या घालायला सुरुवात केली. या गोंधळात ती स्वतः दोन वेळा अडखळली होती. तिला पाठवायचा होता पहिला.

काकांनी दोन्ही आटवले. ‘पहिला एकशे अठ्ठावीस,’ ते म्हणाले. मग चष्मा कपाळावर. ‘दुसरा दोनशे एकाहत्तर.’

‘मग पहिलाच बरा ना काका, लवकर अपलोड होईल.’

‘मला सांगायला परवानगी नाही.’

‘काय सांगायला?’

‘तेच सांगायला परवानगी नाही. आकडा तांत्रिक आहे, म्हणून आकडा सांगतो. एकशे अठ्ठावीस. दोनशे,’ आणि इथे ते थांबले, ‘एकाहत्तर.’

‘काका, तुम्ही काहून असं बोलून राहिले? जड फाइल चांगली की वाईट?’

काकांनी पोह्यांकडे पाहिलं. काकू आतून म्हणाल्या, ‘मागच्या वेळच्या दोनशे चाळीसवाल्या मुलीने पेढे आणले होते बाई. यांनी काही सांगितलेलं नाही, मी पेढ्यांचं सांगतेय.’ नागपूरवाली घरी गेली, दोन्ही तुकडे पुन्हा पाहिले, निकषांचे कागद उघडले आणि तिच्या लक्षात आलं की मधल्या भागात तर विचारलंय, मुलाच्या उत्तराचं तुम्ही पुढे काय केलंत? पहिल्या तुकड्यात मुलांची उत्तरंच नव्हती, तिचं ‘व्हेरी गुड’ तेवढं होतं.

दुसरा तुकडा जाणार म्हटल्यावर तिने हट्ट धरला, की ती अडखळली तेवढं कापून द्या, चार सेकंद. काका एरवी मवाळ, पण इथे लोखंडी. ‘मधे कात्री नाही.’ ‘अहो, कुणाला कळणार आहे?’ ‘मला.’ त्यांच्याकडे अशा विनंत्या कितीतरी यायच्या. कुणाच्या वर्गात ऐन रंगात स्पीकरवरून मुख्याध्यापकांची घोषणा झालेली, कुणाला स्वतःचं ‘ओके? ओके?’ नको झालेलं, कुणाच्या तुकड्यात एका पोराने उठून बाथरूमचा पास मागितलेला. काका सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे, ‘पोरगं जाऊन येईल तोवर परीक्षक थांबतील.’ आणि मला वाटतं त्यांचं बरोबर होतं. ज्या वर्गात कुणालाही बाथरूमला जावंसं वाटत नाही, तो वर्ग खोटा.

वडिलांमुळे काकांना या गोष्टीचं मर्म ठाऊक असावं. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. दिपोटी तपासणीला येणार म्हटलं की आठवडाभर घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. हुशार पोरं पुढच्या रांगेत, बाकीची मागे, आणि दोघा-तिघांना निरोप की उद्या शेतावर गेलात तरी चालेल. इथेही पोरांची जागा बदलायची, पण उलट कारणाने. ज्यांच्या आईबापांनी परवानगीच्या कागदावर सही केली नाही, ती मुलं कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर बसवायची. आणि दैव असं, की वर्गातलं सगळ्यात तल्लख पोर हमखास त्यांतच निघायचं. एकीने सांगितलं, ‘काका, माझ्या वर्गात खरं शिकणं भिंतीपाशी चालू होतं आणि कॅमेरा दाराकडे.’ काका म्हणाले, ‘वडिलांचा प्रश्न असा होता की ढ पोरं कुठं लपवायची. तू हुशार लपवलीस. प्रगती आहे.’

सिद्धान्ताला पहिला धक्का जानेवारीत बसला. दहा मिनिटांचा तुकडा आणि आकडा आला चारशे दहा. वहीत एवढा कधी आलाच नव्हता. काका उठून उभे राहिले. चष्मा कपाळावरून मागे टकलावर गेला. समोरची साताऱ्याची मुलगी घाबरली. ‘तुझ्या वर्गात,’ काका म्हणाले, आणि मग नियम आठवून गप्प बसले, पण तिला पोह्यांची दुसरी बशी मिळाली. ती संकोचून म्हणाली, ‘पण काका, हा माझा सगळ्यात वाईट तास होता. पोरं माझ्याकडे बघतच नव्हती. सगळी खिडकीकडे.’

‘खिडकीत काय?’

‘बर्फ पडत होता.’

एकही भुरभुर दुसऱ्या भुरभुरीसारखी नाही, प्रत्येक चित्रात सगळ्या खिडकीत सगळं बदललेलं. व्हिडिओ आटवायला बर्फाइतकं अवघड फारच थोडं असतं. वर्ग दगडासारखा बसला होता आणि काकांनी बर्फाचं कौतुक केलं होतं. त्या रात्री त्यांनी वहीत नवा रकाना आखला : ‘खिडकी’. पुढे कुणीही आलं की पहिला प्रश्न, ‘पडदे लावले होते का?’

दुसरा धक्का उलट बाजूने. कोल्हापूरची एक, सातवीचं गणित शिकवणारी. दहा मिनिटांचे फक्त शहाण्णव एमबी. काकांना वाटलं फाइल बिघडली. त्यांनी पुन्हा आटवली. पुन्हा शहाण्णव. ‘चित्र गोठलंय का?’ त्यांनी विचारलं, आणि स्वतः बघायचं नाही म्हणून चिठ्ठी तिच्या बाजूने उचलून धरली आणि आपण खिडकीबाहेर बघत उभे राहिले. तिने पाहिलं. ‘गोठलेलं नाही. मी प्रश्न विचारलाय आणि ती विचार करतायत.’

‘सगळी?’

‘सगळी. ते मिनिटभर कुणीच हललं नाही. मीपण नाही.’

मेरी बड रो नावाच्या बाईंनी १९७०च्या दशकात वर्गांतून मोजमाप करून दाखवलं होतं, की शिक्षक प्रश्न विचारून उत्तरासाठी सरासरी एखादाच सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तरी मुलं जास्त लांब, जास्त विचार केलेली उत्तरं देतात. ही पोरगी मिनिटभर थांबली होती, कॅमेरा चालू असताना, ३०० डॉलर भरून. याला छाती लागते. काकांना हे संशोधन माहीत नव्हतं. त्यांनी बराच वेळ शहाण्णव या आकड्याकडे पाहिलं, मग वही ओढली आणि ‘खिडकी’च्या शेजारी आणखी एक रकाना घातला : ‘विचार’. पुढच्या दोन वर्षांत त्या रकान्यात खुणा फार झाल्या नाहीत.

एवढं होऊनही सिद्धान्त सोडला म्हणतील तर ते काका कसले! ‘अपवाद धरले तरी माप बसतं,’ हे त्यांचं म्हणणं कायम. आणि खरं सांगायचं तर तो अनोळखी परीक्षक तरी काय बघत होता? कधी न भेटलेल्या बाईची, कधी न पाहिलेल्या शाळेतली पंधरा-वीस मिनिटं. काका काहीच बघत नव्हते. दोघांत फरक होता, पण ३०० डॉलरचा होता असं मला वाटत नाही.

यावरून भांडलेली माणसंही आहेत. ही परीक्षा सगळीकडे पसरण्याआधी, २०१२ साली, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट इथल्या ६८ छात्राध्यापकांपैकी ६७ जणांनी आपल्या वर्गाचे दहा-दहा मिनिटांचे दोन व्हिडिओ पिअर्सनकडे पाठवायला चक्क नकार दिला होता. जे आम्हाला ओळखत नाहीत त्यांनी आम्हाला जोखू नये, हे त्यांचं म्हणणं. मी हे काकांना मोठ्या उत्साहाने वाचून दाखवलं. काका गंभीरपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, ‘दहा मिनिटांचे दोन. म्हणजे दोन फाइली. त्यांना आटवून द्यायला कुणी नव्हतं का?’

काम झालं की काका त्या बाईच्या देखत मूळ फाइल पुसायचे, आटवलेली तिच्या पेनड्राइव्हवर घालून आपल्याकडची पुसायचे आणि रिसायकल बिन रिकामं करायचे. निकालाची चौकशी कधी केली नाही. पेढे आले तर खायचे आणि एकच विचारायचे, ‘फाइल उघडली ना त्यांच्याकडे?’ उघडली म्हटलं की वहीत त्या ओळीपुढे चार शून्यं.

२०२२ च्या एप्रिलात न्यूयॉर्कने एडटीपीएची अट काढून टाकली आणि त्याच वर्षी डिसेंबरात न्यू जर्सीने कायदा करून ती रद्द केली. कारणं बरीच दिली गेली : खर्च, शिक्षकांची टंचाई, उमेदवारांवरचा ताण. ज्यांच्या मागची पीडा गेली त्या बायकांनी आनंदाने फोनाफोनी केली. काकांना कुणी सांगायचं हा प्रश्न होता. काकूंनी सांगितलं. काका म्हणे थोडा वेळ बसून राहिले, मग म्हणाले, ‘म्हणजे आता पाचशेची मर्यादा नाही?’ नाही म्हटल्यावर, ‘मग लोक कितीही मोठं पाठवतील.’

सध्या काका समाजकार्य म्हणून मुंजी, साठीशांती आणि अरंगेत्रमचे व्हिडिओ आटवतात. पैसे घेत नाहीत. अरंगेत्रमचा आकडा मोठा येतो, साठीशांतीचा लहान, यावरही त्यांचं काही म्हणणं तयार होतंय असं काकू सांगतात. तेव्हा एडिसनच्या बाजूला कुणाकडे तीन तासांची मुंज फोनमध्ये तशीच पडून असेल, तर जरूर न्या. आधी फोन करा, पेनड्राइव्ह घरचा न्या आणि वेळ कागदावर लिहून न्या. मात्र मामा रुसला तेवढा मधला भाग काढून हवा असेल, तर दुसरीकडे जा. मामा राहणार.